वाट चुकलेल्यांची पेटी

दि. ५, बुधवार
दुपारी, घरून

ती. ताईस,

नमस्कार. हात सवयीने लिहून गेला, आता खोडत बसत नाही. यानंतर ‘इकडील सर्व ठीक’ असं लिहायचं असतं, ते जमत नाही. तिकडचं सगळं ठीक असावं असं मला वाटतं की नाही, ते अजून माझं ठरलेलं नाही. छोटीला मात्र गोड पापा दे. तिचा यात काही दोष नाही.

शनिवारपासून तू एकवीस वेळा फोन केलास. मी उचलला नाही, कारण तुझा आवाज कानावर आला की मी विरघळते, हे तुलाही पक्कं ठाऊक आहे. लहानपणी माझ्या वाटणीचा खाऊ तू खायचीस, वर तूच भोकाड पसरायचीस, आणि तुझी समजूत मीच काढायचे. या वेळी ते नको. पत्राला मध्येच हुंदका देता येत नाही, म्हणून पत्र.

आधी कामाचं. लॅबमध्ये तुझ्या टेबलावर मी रजेचा अर्ज ठेवला आहे. कपाटाच्या किल्ल्या वरच्या खणात आहेत. काप तरंगवायचं पाणी पुन्हा जास्त तापायला लागलंय, ते दुरुस्त करून घे, नाहीतर सगळे पसरून फाटतील. माझ्या जागेवर ज्याला बसवशील त्याला सांग, काप काढायच्या मायक्रोटोमचं चाक रागाने फिरवायचं नसतं. मेणात बसवलेल्या तुकड्याचा ब्लॉक कापणं हे मन थाऱ्यावर असलेल्या माणसाचं काम आहे. म्हणून तर मी रजा घेतली.

आता पुढचं तुला सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे. गेले तेवीस दिवस सगळं तू मांडलंस आणि मी ते खरं मानलं. एकदा माझ्या हाताने मांडू दे.

गाठ मला आंघोळ करताना लागली. बेंबीच्या उजवीकडे, लिंबाएवढी, दुखत नव्हती. नवऱ्याच्याही आधी तुला दाखवली. तू तुझ्या केबिनचं दार लावून दाबून पाहिलीस आणि म्हणालीस, “काही नसेल गं. सर्जनना दाखवून टाकू.” गेल्या महिन्याच्या सहा तारखेला त्यांनी सुईने तीन तुकडे काढले, दोऱ्याएवढे. मी म्हटलं, “आण इकडे, मीच कापते माझं मला.” तू केवढी खेकसलीस! “वेडी की काय तू? स्टाफचं मटेरियल आपण आपल्याकडे करत नाही. नियम आहे. बाहेर पाठवते.” मला बरं वाटलं, ताई. बहीण असावी तर अशी, नियमाला धरून चालणारी, असंच वाटलं मला.

आठ तारखेला, बुधवारी, तू एक ब्लॉक घेऊन माझ्या टेबलाशी आलीस. “हा तूच काप. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, मटेरियल अगदी थोडं आहे.” वर नंबर होता, वहीत एका अनोळखी बाईचं नाव होतं. स्त्री, सत्तेचाळीस, पोटाची भिंत. मला काय कल्पना! उलट मी फुशारले. बहीण डॉक्टर असली म्हणून काय झालं, एवढ्याशा तुकड्याचा प्रश्न आला की तिला माझ्याच दारात यावं लागतं. मी ब्लॉक बर्फावर ठेवला, फुंकर मारली, चार मायक्रॉन जाडीवर आणला आणि कापांची अशी सलग रिबन काढली की शेजारच्या टेबलावरचे दोघं बघायला आले. एक कण वाया घालवला नाही. तू पाठीमागे उभी होतीस. तुझा हात माझ्या खांद्यावर होता. मला वाटलं, कौतुक चाललंय.

संध्याकाळी स्लाइड रंगवून झाल्यावर तू मला नेहमीसारखं बोलावलंसुद्धा नाहीस. मीच नाक खुपसलं. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि पाहते तर काय, निळ्या गोल पेशींची नुसती जत्रा, कुठे कुठे रिंगण धरून बसलेल्या. तेरा वर्षं तुझ्या हाताखाली काढलीत, एवढं तर मलाही कळतं. मी म्हटलं, “ताई, ही तुझ्या पेटीतली आहे गं!”

तुझी ती पेटी. पीएनईटीच्या स्लाइडची. प्रिमिटिव्ह न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर, नाव लिहितानाच अर्धी ओळ संपते. मुलांना शिकवताना तू सांगतेस ते मला पाठ आहे: ही मज्जातंतूंच्या अगदी बाळपेशींची गाठ, मोठं होऊन काय व्हायचं तेच या पेशींचं ठरलेलं नसतं. बहुतेक वेळा हाडाजवळ, लहान वयात. पण कधी कधी ही बया जिथे तिचं काही काम नाही तिथे जाऊन बसते. एकाच्या किडनीत, एकाच्या स्वादुपिंडात, एका मुलीच्या तळहातात. अशा सहा स्लाइड तू जपून ठेवल्यास आणि झाकणावर लिहिलंस, ‘वाट चुकलेल्यांची पेटी’. त्यातल्या प्रत्येकाला आपण टोपणनाव दिलेलं. किडनीवाले काका. तळहातवाली. त्या दिवशी मी सातवं नाव ठेवलं, पोटवाली बाई.

आणि मग मी जे बोलले ते तुला आठवत असेलच. मी म्हटलं, “हिचं काही खरं नाही बघ. पण सत्तेचाळीस म्हणजे मुलं तरी हाताशी आली असतील बिचारीची.” तू म्हणालीस, “असतील.” आणि हात धुवायला म्हणून गेलीस ती अर्धा तास आली नाहीस.

दुसऱ्या दिवशी, नऊ तारखेला, जेवणाच्या सुट्टीत तू मला सांगितलंस की माझा बाहेरचा रिपोर्ट आला, साधी तंतूंची गाठ आहे, महिन्याभरात कधीतरी काढून टाकू. तू डब्याचं झाकण उघडत होतीस, माझ्याकडे बघितलं नाहीस. मी तुला मिठी मारली. सगळ्या डिपार्टमेंटला माझ्यातर्फे चहा पाजला. ताई, तो चहा तूही प्यायलीस. कप खाली ठेवून “थोडी साखर जास्त झाली” म्हणालीस.

त्यानंतर त्याच ब्लॉकमधून तू माझ्याकडून खास रंगांसाठी दहा काप काढून घेतलेस. वीस तारखेला विद्यार्थ्यांना पोटवाली बाई दाखवायची म्हणून मायक्रोस्कोपभोवती खुर्च्या मी मांडल्या. एका मुलीने विचारलं, “मॅडम, या पेशंटचं पुढे काय होतं?” तू म्हणालीस, “वेळेवर उपचार मिळाले तर आशा असते.” मी मागे उभी राहून मान डोलवली. माझं मांस मी कापलं, मी रंगवलं, त्याला नाव ठेवलं, आणि बघायला माणसं बसवली. तुझ्या हातात सुरीसुद्धा नव्हती.

शनिवारी, एक तारखेला, सकाळी अकराला कुरिअर आलं. बाहेर तपासायला गेलेले ब्लॉक परत येतात ते माझ्या टेबलावर. मी पाकीट फोडते, वहीत चढवते, कपाटात लावते. पाकिटात तो ब्लॉक होता, नंबर मला पाठ झालेला. “आल्या का बाई फिरून?” असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. मग सोबतचा कागद उलगडला. त्यावर माझं नाव होतं. माझं वय, तेहतीस. माझी जन्मतारीख. नवऱ्याचा फोन नंबर.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? वाटलं, माझीही गाठ त्याच लॅबला गेली असणार आणि त्या लोकांनी कागदांची अदलाबदल केली. आता ताईला सांगून त्यांची चांगली खरडपट्टी काढायची. म्हणजे बघ, कागद हातात असतानाही मी तुझ्याच बाजूने उभी होते. मग कागदावरचा ब्लॉक नंबर पाहिला. मग वही काढली. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या बाईची नोंद तुझ्या अक्षरात होती. तू कधी नोंद करतेस का गं? तेरा वर्षांत तू वहीला हात लावल्याचं मला आठवत नाही. आणि तरी ते माझ्या डोळ्यात भरलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

जनुकांची तपासणी खोट्या नावावर करून चालत नाही, त्या कागदावर पुढचे उपचार ठरतात. म्हणून तिथे तुला खरं नाव द्यावं लागलं. एवढा सगळा बारीक विचार केलास, पण ब्लॉक परत कुणाच्या टेबलावर येतो हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? ते काम तू कधी केलेलंच नाहीस. ते आमच्यासारख्यांचं काम.

शेवटी तुझ्या केबिनमध्ये गेले. तू बाहेरगावी परीक्षा घ्यायला गेली होतीस. पेटी उघडली. सहाच्या सात स्लाइड झालेल्या. सातवीवर तारीख होती तेरा. मला सांगायला तुला वेळ झाला नाही, पेटीत ठेवायला झाला.

ती स्लाइड मी उचलून आणली आहे. ब्लॉकही. चोरी म्हणायची तर म्हण.

घरी आले तर नवरा इस्त्री करत होता. मी नुसतं म्हटलं, “पोटवाली बाई मीच आहे.” लॅबमधले किस्से मी त्याला रोज सांगते, पोटवालीचाही सांगितला होता. तेव्हा तो हसला होता. आता त्याने “म्हणजे काय?” असं विचारायला हवं होतं ना? त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हणाला, “ताई उद्या सांगणारच होत्या.”

मी विचारलं, “तुला कधीपासून माहीत?”

“नऊपासून. ताई म्हणाल्या, पक्कं होईपर्यंत बोलायचं नाही. मी काय डॉक्टर आहे? त्या म्हणाल्या तसं केलं.”

“आईला माहीत आहे?”

“आईंना नाही.”

चला, मी म्हटलं, एका तरी माणसाची सोबत मिळाली. आणि मग मी त्याच्या इस्त्री केलेल्या शर्टांची जी काही वाट लावली, ती तो सांगेलच तुला. नाहीतरी सगळं सांगतच असतो.

तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे फोनवर बोलत होतात, रोज. मला वाटायचं ऑफिसचं काही असेल. एकदा मी अचानक खोलीत गेले तर त्याने फोन खिशात घातला, आणि ताई, खोटं कशाला बोलू, मला भलताच संशय आला. मी दोन दिवस मनात कुढले की याचं बाहेर काहीतरी चाललंय. चाललं होतं ते माझ्या बहिणीबरोबर, माझ्याच जिवाबद्दल. बाहेरची बाई असती तर परवडली असती, तिच्याशी निदान कचाकचा भांडता तरी आलं असतं.

सोमवारी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो. तीन तारखेची वेळ तू आधीच घेऊन ठेवली होतीस. त्यांना वाटत होतं मला सगळं माहीत आहे, म्हणून ते सरळ कामाचं बोलायला लागले. लिंबाची मोसंबी झाली आहे, आतड्याला टेकली आहे. फुप्फुसं अजून साफ आहेत. दहा तारखेला, सोमवारी, पहिलं औषध. सहा-आठ महिने ते चालणार, मध्ये ऑपरेशन, नंतर पोटावर किरणं. माणूस चांगला आहे. गाठीपेक्षा माझ्याकडे जास्त बघून बोलला, गेल्या महिन्याभरात असं कुणी बोललं नव्हतं.

मी त्यांना एकच विचारलं. दहाच्या ऐवजी दोन आठवड्यांनी सुरू केलं तर चालेल का? कशासाठी, ते तुला सांगायला नको. दोन वेळा दिवस राहून गेले तेव्हा दोन्ही वेळा माझ्या उशाशी तूच होतीस, आणि या वर्षी आम्ही पुन्हा प्रयत्न करायचं ठरवलं तेही पहिलं तुलाच कळलं होतं.

ते म्हणाले, “एक दिवससुद्धा देता येणार नाही.”

मी म्हटलं, “आणि मी नऊ तारखेला आले असते तर?”

त्यांनी फाइलवरच्या तारखा पाहिल्या. मग म्हणाले, “तेव्हा दिले असते. बाकीच्या तपासण्यांना तेवढे दिवस लागतातच.”

इथेच थांबते. पुढे लिहायला लागले तर जे लिहीन ते मलाच वाचवणार नाही.

ठमी


दि. ९, रविवार
सकाळी

ताई,

भावोजी काल तुझी चिठ्ठी देऊन गेले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. “गाडीचं काही लागलं तर सांग,” एवढंच म्हणाले.

चिठ्ठी तीन वेळा वाचली. तू लिहितेस, “मी डॉक्टर म्हणून वागलेच नाही गं, बहीण म्हणून वागले.” ताई, उलट केलं असतंस तर माझं भलं झालं असतं. अनोळखी पेशंटशी तू कधी अशी वागली नसतीस. तळहातवालीच्या आईला तू स्वतः समोर बसवून सांगितलंस, मी चहा घेऊन आत आले होते तेव्हा. तिला एका तासात खरं मिळालं. मला बहीण असल्याची शिक्षा.

तू लिहितेस की त्या स्लाइड तू चार ठिकाणी पाठवल्यास, चार वेगवेगळ्या लोकांना, कुणीतरी एकजण ‘नाही, हे ते नव्हे’ म्हणेल म्हणून. रोज सकाळी उठून निरोपाची वाट बघायचीस. तुझं वजन चार किलो उतरलं. मला ते सगळं खरं वाटतं. शपथेवर सांगते, एका शब्दावर माझा अविश्वास नाही. तुझे डोळे खोल गेलेले मला दिसत होते, मीच तुला म्हणत होते, “रक्त तपासून घे गं बाई.” तू घाबरली होतीस. पण घाबरायचा पहिला हक्क माझा होता. तो तू घेऊन टाकलास, माझ्या वाटणीच्या खाऊसारखा.

आणि मग तू विचारतेस, “मी तुझं असं काय हिरावून घेतलं, सांग तरी.”

सांगते. बुधवारच्या पत्रात ते मी गिळलं होतं. वाटलं होतं, हे लिहिलं की आपल्यात काही उरणार नाही. पण तू विचारतेसच आहेस तर घे.

मंगळवारी, चार तारखेला, मी एकटीच वंध्यत्वाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. आशा नव्हती, पण निदान ऐकून तरी घ्यावं. म्हटलं, पंधरा दिवस नसतील तर सहा दिवसांत काही होतं का. बाईंनी हळू आवाजात नीट समजावलं. बीजं काढून ठेवायला बारा ते चौदा दिवस इंजेक्शनं लागतात, सहा दिवसांत नाही होत. औषधांनंतर पोटावर किरणंही आहेत म्हणता, त्यातून काही शिल्लक राहील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. मी रडले नाही. मी त्यांना म्हटलं, “मला जरा आधी कळलं असतं तर.” त्या गोंधळल्या. संगणकावर काहीतरी बघितलं आणि म्हणाल्या, “पण तुमच्या नावावर पंधरा तारखेची वेळ घेतलेली होती. तुमच्या बहिणीने. चौदाला त्यांनीच फोन करून रद्द केली.”

मी विचारलं, “काही कारण?”

त्यांनी वाचून दाखवलं. “पेशंटची इच्छा नाही.”

ताई, ती ओळ मी त्यांना पुन्हा वाचायला लावली. बाहेर पुढची पेशंट ताटकळली होती.

म्हणजे तू विसरली नव्हतीस. मी चार दिवस मनाला सांगत होते की तू घाबरलीस, तुला सुचलं नाही, गडबडीत राहून गेलं. तुझी वकिली करायची खोड काही जात नाही माझी. पण तुला सुचलं होतं. तू वेळ घेतलीस, दिवस मोजलेस, तुला माहीत होतं की ते पुरणार आहेत. फक्त मला तिथे न्यायचं तर मला खरं सांगावं लागणार होतं. तेवढं तुझ्याच्याने होईना, म्हणून माझी इच्छा तू रद्द केलीस.

पेशंटची इच्छा नाही! पेशंटची इच्छा काय आहे ते सहा वर्षं तू ऐकते आहेस. पेशंट दुसऱ्यांदा हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा तुझ्या मांडीत डोकं खुपसून काय म्हणाली होती, तेही तू ऐकलंस. केसाने गळा कापला म्हणतात, तसं झालं. आणि गळा मी तुझ्यापुढे स्वतःहून ठेवला होता.

नवऱ्याला विचारलं. त्याला वेळ घेतल्याचं माहीत होतं, कारण काय दिलंस ते माहीत नव्हतं. म्हणाला, “ताई म्हणाल्या, जीव महत्त्वाचा. मलाही तेच वाटलं. मला तू हवीस, मूल नसलं तरी चालेल.” तो हे बोलताना ढसाढसा रडला. त्याला चालेल, तुला चालेल. मला चालेल की नाही, एवढंच कुणी विचारलं नाही. आणि खरी गंमत ऐक. विचारलं असतं तर कदाचित मीही हेच म्हटलं असतं. म्हटलं असतं, राहू दे, जीव वाचवा आधी. मला माहीत नाही, ताई. आता कधीच कळणार नाही मला, मी काय म्हटलं असतं.

चिठ्ठीच्या शेवटी तू लिहिलंस, “छोटी तुझीच आहे.” ते वाक्य मी पेनने खोडलं, इतकं की कागद फाटला. माझं लेकरू असायची वाट तू बंद करायची आणि वर स्वतःचं उसनं द्यायचं? छोटी माझी आहेच. तिच्या जन्माच्या दिवसापासून आहे, ती तू मला द्यायची गरज नाही. आणि तिला या व्यवहारात पुन्हा कधी आणू नकोस. ती मोठी झाली आणि तिला कळलं की आईने तिला नुकसानभरपाई म्हणून लिहून दिलं होतं, तर ती तुला माफ करणार नाही.

काल संध्याकाळी आईला सांगितलं. मीच सांगितलं, सरळ, आजाराच्या नावासकट. मला वाटलं होतं ती कोसळेल. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, केस जाणार का विचारलं, मी हो म्हटलं. मग म्हणाली, “ताईला कधी कळलं?”

मी म्हटलं, “माझ्याबरोबरच.”

का बोलले माहीत नाही. तुला वाचवायला नव्हे, तिला दोन्ही मुली एकाच दिवशी गमवायला लागू नयेत म्हणून असेल. पण बोलले. तुझ्यासाठी बोललेलं हे शेवटचं खोटं, ते सांभाळ.

उद्या सकाळी आठला जायचं आहे. नवरा गाडी चालवेल आणि बाहेर बसेल, असं ठरलं आहे. आमचं बोलणं ‘मीठ दे’ आणि ‘दिवा घालव’ एवढ्यावर आलंय, पण तो निदान तोंडासमोर आहे. ब्लॉक आणि स्लाइड मी डॉक्टरांकडे दिल्या, रीतसर, पावती घेऊन. हॉस्पिटलचा फॉर्म भरून ठेवलाय. त्यात एक रकाना आहे, ‘तपासण्यांचे निकाल कुणाला सांगावेत?’ बहुतेक लोक तिथे नवऱ्याचं नाव लिहितात, मुलाचं लिहितात. मी तिथे माझं नाव लिहिलं. खाली आणखी दोन ओळी रिकाम्या होत्या, त्यांवर आडवी रेघ मारली.

पुढे कधीतरी पुन्हा तुकडा काढतील, औषधाने काय केलं ते बघायला. डॉक्टर म्हणाले, “तुमच्या ताईंकडेच पाठवू ना? त्यांच्याइतका या गाठीतला जाणकार इथे दुसरा नाही.” मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “विचार करा.” मी म्हटलं, “विचार केला आहे.” खरंच केला होता. तुझ्याहून चांगला डोळा मला मिळणार नाही, हे मला माहीत आहे. कमी चांगला चालेल.

आता एक शेवटचं लिहिते, आणि हे वाचून फोन उचलायचा नाही. मला सुईची भीती वाटते. लोकांचं मांस कापण्यात आयुष्य गेलं, पण स्वतःला सुई टोचायची म्हटलं की अजूनही मी हात मागे घेते. आजपर्यंतच्या प्रत्येक सुईला माझा हात तू धरलास. सहा तारखेलाही धरला होतास. उद्या आठ वाजता मी त्या खुर्चीत बसेन, नर्सबाई हाताला रबर बांधेल, आणि मी दाराकडे बघणार आहे. मला ठाऊक आहे मी बघणार आहे. मला तू हवी आहेस, ताई. भयंकर हवी आहेस.

येऊ नकोस.

तुझीच होते ती,
ठमी